उपग्रहाला आपलं भात कसं दिसतं?
(तळीये, ता. महाड येथील बैठकीतलं भाषण)



२२ जुलै २०२१ ला या गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. अशा दरडीचा ओरखडा उपग्रहाच्या चित्रात उठून दिसतो, कारण हिरव्या डोंगरात उघडी माती लपत नाही. मग खाचरातलं पीकही तितकंच स्पष्ट दिसत असेल, असं कुणालाही वाटेल. तसं नाही.

हे आज सांगायचं कारण पीकविमा. २०२३ च्या खरिपापासून केंद्राने भात आणि गव्हाचं उत्पन्न ठरवताना तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत आणली.

उपग्रह दाणे मोजत नाही, परतलेला उजेड मोजतो. हिरवं पान तांबडा उजेड शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. त्यावरून गणिताने पिकाचा अंदाज बांधतात. गणितात हरितद्रव्य, पानातलं पाणी, पानांचा पसारा, त्यांचा कल, खालची माती, सूर्याचा कोन, सगळंच येतं. यातली एकेक गोष्ट थोडी बदलून उत्तर किती हलतं ते शास्त्रज्ञ पाहतात. याला संवेदनशीलतेची तपासणी म्हणतात. रश्शात पळीभर पाणी वाढलं तर कळत नाही, चमचाभर मीठ वाढलं की लगेच कळतं. तसंच हे.

तपासणीत काय निघतं? लावणीनंतर पीक विरळ असतं, तेव्हा खाचरातलं पाणी आणि चिखलच आकडा हलवतात. पुढे पानांचं क्षेत्र जमिनीच्या तिपटीपलीकडे गेलं, की हिरवेपणाचा आकडा फारसा हलतच नाही. बरं भात आणि उत्तम भात सारखंच दिसतं. लोंबीत दाणा भरला की पोचट राहिला, हे तर हिरवेपणा सांगतच नाही.

त्यात १० मीटरचा एक ठिपका म्हणजे जवळपास एक गुंठा. आपल्या उतारावर तेवढ्यात खाचर, बांध, झाड आणि वरकसातली नाचणी एकत्र येतात. वर पावसाळाभर ढग. रडार ढगातून पाहतं, पण त्याचं गणित वेगळं.

म्हणून उपग्रह नको, असं मी म्हणत नाही. आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारा. कोणत्या गोष्टीने हा आकडा सर्वांत जास्त हलतो? ती गोष्ट आपल्या खाचरात कुणी मोजली का? आणि पीक कापणी प्रयोगाशी तो ताडून पाहिला का?

उत्तर लेखी मागा. कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर हजर राहा. वरून न दिसणारा दाणा तिथेच तराजूत पडतो.