परीक्षकाची खुर्ची आणि शेजारचं घर



परीक्षक होण्याची हौस हा आम्हां शिक्षकांचा जुनाच रोग आहे. वक्तृत्व असो, हस्ताक्षर असो, भजन असो, कुठं खुर्ची रिकामी दिसली की गुरुजींना बोलावणं येतं आणि गुरुजी धोतर नाही तर पाटलोण झटकून निघतात. मला रांगोळीतलं काही कळत नाही. तरी तीनदा मी रांगोळीला नंबर दिले आहेत. पण त्या गुणांनी माझी झोप कधी उडाली नाही. आज ज्या स्पर्धेविषयी बोलणार आहे, तिथले गुण मात्र अजून सलतात.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका महाविद्यालयानं मुलांच्या छोट्या चित्रपटांची स्पर्धा ठेवली होती. मोबाईलवर काढलेले, सात मिनिटांच्या आतले चित्रपट. विषय होता, ‘आपल्या गावातलं मुसलमानांचं जीवन’. ही कल्पना तिथल्या एका तरुण प्राध्यापकांची. २००१ साली न्यूयॉर्कच्या इमारतींवर हल्ला झाला. त्यानंतर तिथल्या मुसलमानांकडं लोक संशयानं पाहू लागले, तेव्हा त्यांच्या घरादाराचं, रोजच्या जगण्याचं दर्शन घडवणाऱ्या लहान चित्रपटांच्या स्पर्धा अमेरिकेत झाल्या, असं त्यांनी कुठं वाचलं होतं. आपल्याकडं तर शेजार शेकडो वर्षांचा. मग आपल्या मुलांनी का करू नये, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त होता.

परीक्षक आम्ही तिघं. एक मी. दुसरे गावात फोटोचा स्टुडिओ चालवणारे गृहस्थ. तिसऱ्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांना सारं गाव आपा म्हणतं. मुलांची नावं आम्हांला सांगितली नव्हती, नुसते क्रमांक होते. हाती छापील तक्ता दिला होता : विषय, संदेश, छायाचित्रण, अभिनय, संगीत, प्रत्येकी दहा गुण.

चित्रपट पुष्कळ आले, पण वाद झाला तो दोनच चित्रपटांवरून.

पहिल्यात राम आणि रहीम असे दोन मित्र. दर्ग्याचं वरून उडत्या कॅमेऱ्यानं घेतलेलं दृश्य, पाठीमागं बासरी. ईदेला रहीम रामला शिरखुर्मा देतो, दिवाळीला राम त्याला फराळ देतो. मग रामला अपघात होतो, रहीम रक्त देतो, आणि रक्ताची बाटली पडदाभर दिसते. सभागृहात टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे पाणावले.

दुसरा चित्रपट हलत होता. कॅमेरा बहुधा तांब्याला टेकवून ठेवला असावा. एक बाई शिलाई मशीनवर बसून साड्यांना पिको-फॉल करते आहे. लग्नसराई आहे, साड्यांचा ढीग पडला आहे. फोनवर एका गिऱ्हाइकाशी दरावरून घासाघीस चालली आहे, तीही स्वच्छ मराठीत. फोन ठेवल्यावर तीच बाई दक्खनीत लेकीला म्हणते, पाणी भर, नळ जायला झाला. आजी शेळीला शिव्या देते. काळीपिवळी जीप चालवणारा बाप दमून येतो आणि भाकरी मागतो. दूरवर अजान ऐकू येते, पण कुकरच्या शिट्टीत अर्धी बुडून जाते. आणि या सगळ्यात लेक शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ मागं लागलेलं आहे, आधार कार्डावर पुढं. संगणक अर्ज घेत नाही. सातव्या मिनिटालाही तो अर्ज तसाच राहतो. चित्रपट संपला तेव्हा संपला की बंद पडला, हे कुणाला कळेना. टाळी पडली नाही.

मी पहिल्याला पन्नासपैकी त्रेचाळीस दिले, दुसऱ्याला चोवीस. त्यातल्या ‘संदेश’ या रकान्यात दुसऱ्याला दोन. स्टुडिओवाल्यांचे आकडे माझ्या आसपासच होते. आपांचा कागद मात्र नेमका उलटा. मी म्हटलं, “आपा, पहिल्यात तुमच्या समाजाविषयी किती चांगलं दाखवलंय!” त्या म्हणाल्या, “सर, चांगलं दाखवलं हो. पण रहीमच्या घरात चूल कुठं होती? त्याची माय नुसती पडद्यामागून वाटी देणारा हात होती. आणि तो पोरगा ‘आदाब अर्ज है’ म्हणतो. आपल्या गावात कोण म्हणतं सांगा बरं?”

खरंच कुणी म्हणत नाही. नांदेड-लातूरकडच्या मुसलमानांच्या घरात ‘हौ’ आणि ‘नक्को’ चालतं, ‘मेरेकु-तेरेकु’ चालतं, आणि बाजारात आल्यावर तुमच्याआमच्यासारखी मराठवाडी मराठी चालते. लखनौची ती अदबशीर उर्दू आपल्या पोरांनी सिनेमातून उचलली. १९६० साली ‘चौदहवी का चाँद’ आला, १९६३ साली ‘मेरे मेहबूब’. त्यात नवाब, शेरोशायरी, बुरख्यातले डोळे. गाणी गोड, त्याविषयी तक्रार नाही. पण ते पाहणाऱ्या माणसाला वाटावं, की मुसलमान माणूस सकाळी उठून जीप काढत नाही, गझल म्हणतो.

तरी दोघांविरुद्ध एक असा निकाल लागला. पहिला चित्रपट पहिला आला. दुसऱ्याला उत्तेजनार्थसुद्धा काही मिळालं नाही.

घरी येऊन मी विचार करू लागलो, की रक्ताच्या बाटलीला मी इतके गुण का दिले? तेव्हा लक्षात आलं, की आपण मंडळी अशा कथेवर वाढलो आहोत. प्रभात कंपनीचा ‘शेजारी’ जुन्या श्रोत्यांनी पाहिला असेल. १९४१ सालचा, व्ही. शांताराम यांचा. केशवराव दाते यांचा जीवबा, गजानन जागीरदार यांचा मिर्झा. धरणाच्या पायी दोघा मित्रांत फूट पाडली जाते, आणि शेवटी धरण फुटतं तेव्हा हातात हात घेऊन दोघंही प्राण सोडतात. त्या काळात असा चित्रपट काढायला धैर्य लागत होतं, आणि काम तर दोघांचंही अस्सल आहे. पण पुढच्यांनी त्यातलं मरण तेवढं उचललं. चांगला मुसलमान म्हणजे दुसऱ्यासाठी जीव देणारा, निदान रक्त तरी देणारा. २०१० सालच्या ‘माय नेम इज खान’मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या नायकाला, आपण दहशतवादी नाही हे सांगायला थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत जावं लागतं, वाटेत पुरात सापडलेल्या लोकांना मदतही करावी लागते. एका साध्या माणसाच्या डोक्यावर हे केवढं ओझं! तुम्हांला-मला कुणी असा दाखला मागत नाही.

आपल्या भागात तो दाखला का मागितला जातो, हे उघड बोललेलं बरं. कासीम रझवी लातुरात वकिली करत होता. रझाकारांनी आपल्या गावांतून जे केलं ते आजही घरोघर सांगितलं जातं, आणि सांगितलं जावंच. पण त्याच रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार केलं, कारण त्यांची लेखणी निजामाच्या आणि रझाकारांच्या विरुद्ध चालली होती. हे तितकं सांगितलं जात नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा कितीतरी मुसलमान घरांवर सूड उगवला गेला, हे तर त्याहून कमी. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणीला पाठवली होती. तिनं सर्वांत अधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. आणि लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. आमच्या मुलांच्या त्या रक्ताच्या बाटलीमागं हा सगळा न बोललेला इतिहास उभा आहे. एका वकिलाच्या पापाचं उत्तर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी कुणा रहीमनं सुई टोचून घेऊन द्यायचं, आणि आम्ही परीक्षकांनी टाळ्या वाजवायच्या.

‘संदेश’ हा रकाना काही एकट्या त्या महाविद्यालयानं काढलेला नव्हे. राष्ट्रीय पुरस्कारांत १९६५ सालच्या चित्रपटांपासून राष्ट्रीय एकात्मतेवरच्या चित्रपटाला वेगळं पारितोषिक मिळू लागलं. पुढं त्याला नर्गिस दत्त यांचं नाव होतं. २०२२ सालच्या पुरस्कारांपासून ते नाव गेलं आणि ते पारितोषिक सामाजिक व पर्यावरणविषयक मूल्यांबरोबर एकत्र केलं गेलं. या पारितोषिकाच्या यादीत १९७३ सालचा एक चित्रपट आहे, एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’. इस्मत चुगताई यांची कथा; पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. आग्र्याचा सलीम मिर्झा, बूट तयार करणारा कारखानदार. ते काम बलराज साहनींनी केलं. फाळणीनंतर भाऊबंद पाकिस्तानात जातात, हा जात नाही. आता पाहा, हा चित्रपट कशाकशात शिरतो. कारखान्याला कर्ज मिळत नाही, कारण हा माणूस उद्या निघून गेला तर? भाड्यानं घर मागायला गेलं की आधी नाव विचारतात. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी आई सरपणाच्या खोलीत लपून बसते, आणि शेवटच्या घटका मोजताना तिला त्याच हवेलीत पुन्हा आणावं लागतं. यात कुणी कुणाला रक्त देत नाही. एकात्मतेवर भाषणही नाही. आणि गंमत अशी, की दंगे होतील या भीतीनं ज्या चित्रपटाचं प्रमाणपत्र कित्येक महिने अडवून ठेवलं, त्यालाच पुढं सरकारनं एकात्मतेचं पारितोषिक दिलं! परीक्षक चुकतात, श्रोतेहो. मोठमोठे चुकतात.

म्हणजे मुसलमानांचे दोष दाखवूच नयेत काय, असं कुणी विचारील. असं कसं म्हणता येईल? १९६६ साली हमीद दलवाईंनी सात मुसलमान स्त्रियांना घेऊन मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. तो घरातल्या माणसानं घराविषयी काढलेला आवाज होता. राजन खान यांच्या कथेवरचा शिवाजी लोटन पाटील यांचा ‘हलाल’ हा अलीकडचा मराठी चित्रपटही त्याच दुखण्याला हात घालतो. माझं म्हणणं एवढंच, की मुसलमान बाई पडद्यावर फक्त तलाकच्या दिवशीच का यावी? एरवी ती पिको-फॉल करत असते.

हसायचं असेल तर मालेगावकडं पाहा. यंत्रमागांचं गाव. तिथल्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, शेजारपाजारचे मागावरचे कामगार घेऊन. पुढं त्यांनी सुपरमॅन काढला. तो झाला शफीक नावाचा काटकुळा माग-कामगार. तो चित्रपट काढण्याच्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. पैसा नाही, विजेचा भरवसा नाही, पण हौस केवढी! शफीक २०११ साली कर्करोगानं गेला. त्या माहितीपटात कुणी कुणाला आपल्या चांगुलपणाचा दाखला देत नाही. ती माणसं कामात असतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेत अशी स्पर्धा घ्यायची झाली तर ‘संदेश’ हा रकाना काढून टाका. त्याजागी ‘घर’ असं लिहा. चुलीपाशी कोण आहे, पैसा कुठून येतो, घरात कुठल्या बोलीत भांडतात, एवढं पाहा. परीक्षकांत त्या समाजाचं एक माणूस पुरेसं नाही, दोन घ्या. आमच्या आपा एकट्या पडल्या.

स्पर्धेनंतर महिन्याभरानं एक मुलगी आमच्या शाळेत आली. माजी विद्यार्थिनी. दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून हवं होतं. ‘शेख’ पुढचं मागं झालं होतं. मी कागद हातात घेतला, तिच्याकडं पाहिलं, आणि मग ते घर, ती मशीन, ती शेळी सगळं आठवलं. स्पर्धेचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. जुनं रजिस्टर काढलं. नोंदीचं अक्षर कारकुनाचं होतं. खाली सही माझी होती.

शाळा सोडल्यावर नाव बदलायचं तर आम्हांला परस्पर खोडता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. प्रस्ताव त्याच दिवशी लिहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन देऊन आलो. शिष्यवृत्तीची मुदत तोवर उलटून गेली होती.