जखम वाळवावी की ओली ठेवावी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून ज्ञातीची उन्नती, वधूवरांच्या याद्या आणि विद्यार्थ्यांची बक्षिसे यांविषयी बोलणे होते. ते व्हावयासच हवे. यंदा चिटणीसांनी विषयाची निवड मजवर सोपविली, तेव्हा मी जखमेविषयी बोलावयाचे ठरविले. मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. मॅट्रिक होऊन मुलांस शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले असा एक मास्तर आहे. परंतु ह्या विषयाची फी आमच्या घराने पूर्वीच भरलेली आहे, तेवढ्या बळावर बोलतो.

आमचे थोरले बंधू अण्णा इंदापूर तालुक्यात ऊस करीत. मधुमेह जुना होता. एके वर्षी तोडणी झालेल्या फडातून चालताना उसाच्या बुडख्याचे तिरपे टोक चप्पल भेदून त्यांच्या तळव्यात शिरले. त्यांस ते कळलेही नाही. सायंकाळी वहिनींनी चपलेतील रक्त पाहिले तेव्हा कळले. मधुमेहाने पायांच्या मज्जातंतूंची जाणीव बोथट होते, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. आम्ही हळद भरली, वर पांढरी पूड टाकली, आणि रोज सकाळी अण्णांचा पाय ओसरीवर उन्हात ठेवू लागलो. "वारे लागू द्या, पाणी लावू नका," हे आजीपासून चालत आलेले वाक्य मीच वारंवार उच्चारीत असे. पंधरा दिवसांत जखमेवर काळी, टणक खपली धरली. आम्हांस आनंद झाला. त्या खपलीखाली पू साठत होता. ताप चढला तेव्हा आम्ही त्यांस पुण्यास नेले. पायाचा पुढील अर्धा भाग काढावा लागला. ह्यात डॉक्टरांचा दोष नाही; त्यांच्याकडे आम्ही गेलोच उशिरा. तेथील एक तरुण डॉक्टर मला म्हणाले, "गुरुजी, जखम म्हणजे पापड नव्हे, उन्हात वाळत घालायला." ते वाक्य मला लागले, आणि त्यानंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

वाचल्यावर आश्चर्य वाटले ते असे की, वाळविण्याची ही समजूत केवळ आमच्या आजीची नव्हती. जगभर बहुतेक डॉक्टरही तसेच मानीत. १९६२ साली इंग्लंडमधील जॉर्ज विंटर ह्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेविल्या व काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. कारण सोपे आहे. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेकडून सरकत मध्याकडे येतात. पृष्ठभाग ओला असेल तर त्या सहज सरकतात. खपली धरली असेल तर तिच्या खालून, वाळलेल्या थराच्या तळाशी वाट काढीत त्यांस यावे लागते. पिकाला वाफसा लागतो. भेगाळलेल्या रानात कोंब वर येत नाही, हे आपणां शेतकऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

मात्र ओली म्हणजे घाणीत भिजलेली नव्हे. जखम घेऊन नीरेच्या कालव्यात उतरणे किंवा शेणाचा हात लावणे म्हणजे संकटास आमंत्रण होय. स्वच्छ ओलावा आणि वर झाकण, एवढाच त्याचा अर्थ.

हे तत्त्व आपल्याच मुंबईत फार थोड्या पैशांत वापरले गेले, ही गोष्ट मला विशेष प्रिय आहे. वाडिया बाल रुग्णालयातील डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या तयार केल्या व १९८५ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीची पाने वाफेने निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरली. २००३ साली त्यांनी दाखविले की केळीचे पान बटाट्याच्या सालीइतकेच गुणकारी असून पुष्कळच स्वस्त पडते. ही दोन्ही आवरणे जखमेस चिकटत नाहीत, म्हणून काढताना मूल किंचाळत नाही. आपल्या भागात केळीच्या बागा आहेत, म्हणून हे ऐकून कोणी परसातील पान कापून लावील तर अनर्थ होईल. ते पान रुग्णालयात निर्जंतुक केलेले होते.

आता हायड्रोजेलकडे वळतो. शब्द परका असला तरी वस्तू परकी नव्हे. सब्जा पाण्यात टाकला म्हणजे प्रत्येक बीभोवती जे पारदर्शक बुळबुळीत वेष्टन चढते, ते हायड्रोजेलच. चायना ग्रासची थरथरणारी वडी, तीही तीच जात. सूक्ष्म धाग्यांचे जाळे आणि त्यात अडकून राहिलेले पाणी. हाताने उचलता येते, परंतु वाहत नाही. १९६० साली प्राग येथील ऑटो विख्टरले व द्राहोस्लाव लीम ह्या रसायनशास्त्रज्ञांनी शरीरास सोसेल असे कृत्रिम जेल जगापुढे मांडले. डोळ्यांत घालावयाची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच निघाली.

जखमेवर लावावयाचे असे जेल तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झाले. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा पाण्यात विरघळणारा पदार्थ घ्यावयाचा, त्यात समुद्रशैवालापासून निघणारे अगर यांसारखे द्रव्य मिसळावयाचे (चायना ग्रास म्हणजे हेच अगर), आणि त्यावर किरणांचा मारा करावयाचा. किरणांनी धागे एकमेकांस जोडले जाऊन जाळे बनते, आणि त्याच माऱ्यात जंतूही मरतात. एका कामात दोन कामे. तेथील डॉ. ललित वार्ष्णेय यांनी ह्या मिश्रणावरील आपला निबंध २००७ साली प्रसिद्ध केला. अणूचे नाव ऐकून कोणी दचकू नये; किरण आरपार जातात, पट्टीत किरणोत्सर्ग उरत नाही. सलाइनच्या नळ्या व इंजेक्शनच्या सुया अशाच किरणांनी निर्जंतुक करण्याचे काम तुर्भ्यास १९७४ पासून होत आले आहे.

अशा पट्टीत बहुतांश पाणीच असते. भाजलेल्या जागी ती गारवा देते, कोरड्या जखमेस ओलावा देते, वाळलेला मृत थर मऊ करून सुटावयास मदत करते, आणि बदलताना नवी कातडी सोलून काढीत नाही. अण्णांच्या पट्टीचे कापड दर खेपेस जखमेस चिकटे. जाणीव बोथट होती म्हणूनच ते गप्प बसत.

येथे एक खुलासा करतो. बारामतीच्या जिरायत पट्ट्यातील कित्येकांनी हायड्रोजेल हे नाव शेतीच्या दुकानात ऐकले असेल. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे 'पुसा हायड्रोजेल' जमिनीत ओल धरून ठेवण्यासाठी आहे. तत्त्व एक, माल वेगळा. ते दाणे रानातच राहू द्यावेत.

हे जेल म्हणजे संजीवनी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जी जखम मुळातच फार पाझरते तिला आणखी पाणी नको असते. पू, दुर्गंधी, भोवती लाली किंवा ताप असेल तर आधी डॉक्टर, मग पट्टी. मधुमेही माणसाच्या पायाचे बोट रक्तपुरवठ्याअभावी कोरडे, काळे पडले असेल तर डॉक्टरांच्या आज्ञेविना तेथे ओलावा नेऊ नये. मधुमेहाच्या पायावरील प्रयोगांचा २०१३ साली जो एकत्रित आढावा निघाला, त्यात साध्या पट्टीपेक्षा हायड्रोजेलने उथळ जखमा अधिक भरल्याचे दिसले. परंतु प्रयोगांतील उणिवांमुळे ठाम निर्णय देता येत नाही, असेही तेथे म्हटले होते. पायावरील भार काढणे आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे ह्यांची जागा कोणतीही पट्टी घेऊ शकत नाही.

गुऱ्हाळावर ज्यांचे काम असते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: काहिलीतील उकळता रस अंगावर उडाला तर प्रथम वीस मिनिटे वाहते गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई तर नकोच. मग स्वच्छ झाकण आणि दवाखाना. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरास उपजिल्हा रुग्णालय आहे; पुण्याची वाट पाहत घरी बसण्याचे कारण नाही.

अण्णा आज नाहीत. गेल्या वर्षी वहिनींच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम झाली. त्यांनाही मधुमेह आहे. ह्या खेपेस दुसऱ्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जखम साफ केली, जेलची पट्टी दिली आणि पुढच्या भागावर भार न पडणारी चप्पल घालावयास लावली. त्या चपलेवर वहिनींचा फार राग. "भाऊजी, ह्या चपलेनं मी लंगडी दिसते," म्हणून तक्रार करीत, तरी घातली. दोन महिन्यांनी जखम ज्वारीच्या दाण्याएवढी राहिली, आणि दिवाळीपूर्वी मिटली. आज त्या महिलांच्या बाजूस तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि पायांत दोन्ही साध्या चपला आहेत.