हवा बघायची दुर्बीण

'दुर्बीण' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे बघणारा. पण लांबचं नेमकं काय बघायचं आहे, हे दुकानात कोणी विचारत नाही. तिथे एकच प्रश्न असतो, 'किती पट?' लांब पल्ल्याच्या नेमबाजीत रायफलीशेजारी तिपाईवर एक दुर्बीण ठेवतात. तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. ती परवडणाऱ्या किमतीत कशी निवडावी, यावर आज बोलायचं आहे, आणि माझा बराचसा वेळ या 'किती पट'शी भांडण्यातच जाणार आहे.

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. भिंगांशी माझी ओळख झाली ती खाडीवरच्या पक्ष्यांमुळे. ओहोटीला चिखलात टिचभर पक्षी धावतात, त्यांच्या पायांचा रंग बघण्यासाठी मी एक जुनी दुर्बीण बाळगून आहे. आम्हां कोकणी मुसलमानांच्या घरोघरी कोणी ना कोणी परदेशी असतो, तसा माझा एक भाचा इंग्लंडात आहे. गोदामात कामाला असतो आणि सुटीच्या दिवशी रायफल क्लबात जातो. त्याचा फोन आला, "मामू, साठ पटीची घेऊ का? हप्त्यानं मिळते." हप्ता ऐकला की माझे कान टवकारतात. घरभाडं, मुलांची शाळा, आईला पाठवायचे पैसे, आणि त्यात हा हप्ता. म्हटलं, थांब, आधी हिशेब करू.

हिशेबाआधी जागा समजून घेऊ. इंग्लंडातल्या सरे परगण्यात बिस्ली नावाचं ठिकाण आहे. तिथल्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्पर्धा पूर्वी विंबल्डनला होत, १८९० पासून त्या बिस्लीला होतात. सेंच्युरी नावाच्या रेंजवर ६०० यार्डांपर्यंत, तर स्टिकलडाउन या रेंजवर १२०० यार्डांपर्यंत नेम धरतात. मानाच्या बक्षिसाची अंतिम फेरी ९०० आणि १००० यार्डांवर होते. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर, एक किलोमीटरला थोडं कमी. आपल्या ओळखीची ऑलिंपिकची रायफल ५० मीटरची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच अंतरावर. तिथे गोळी कुठे लागली ते शेजारच्या पडद्यावर लगेच उमटतं. बिस्लीच्या टार्गेट रायफल प्रकारात मात्र रायफलीवर दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्राच्या साइटमधूनच नेम धरायचा. म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणारी वस्तू एकच, ती शेजारच्या तिपाईवरची.

आता हिशेब. चांगल्या डोळ्याला ५० मीटरवर साधारण १५ मिलिमीटरचा तपशील वेगळा दिसतो. पॉइंट टू टू रायफलीच्या गोळीचं भोक साडेपाच मिलिमीटरचं, म्हणजे नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही. वीस पटीची साधी दुर्बीण लावली की एका मिलिमीटरहून बारीक गोष्ट दिसते, काम फत्ते. ३०० मीटरवर वीस पटीने चार-साडेचार मिलिमीटरपर्यंत जाता येतं. सकाळची हवा शांत असेल तर सात-आठ मिलिमीटरचं भोक पांढऱ्या कागदावर ओळखू येईल. वर्तुळाच्या काळ्या भागात ते शोधायला डोळे ताणावे लागतील.

१००० यार्डांवर नुसत्या डोळ्याची ताकद साधारण २७ सेंटिमीटर. पंचवीस पट केली की सेंटिमीटरभर. रायफलीची गोळी ७.६२ मिलिमीटरची. दुकानदार म्हणेल, मग साठ पट घ्या, साडेचार मिलिमीटरवर याल. कागदावर गणित बरोबर आहे, पण पुढच्या भिंगालाही स्वतःची मर्यादा असते, आणि ती त्याच्या रुंदीवर ठरते. ६० मिलिमीटर रुंदीचं भिंग कितीही उत्तम घासलेलं असलं, तरी एवढ्या अंतरावर साधारण साडेआठ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा करू शकत नाही. मागून पट वाढवत नेली तर चित्र मोठं होईल, त्यात नवं काही दिसणार नाही. ८० मिलिमीटरचं भिंग गणितात जेमतेम पास होतं. पण मधली जवळजवळ एक किलोमीटरची हवा त्या गणितात धरलेलीच नाही. उन्हं चढली की ती हवा थरथरते, आणि साठ पटीत लक्ष्यासकट थरथरही साठ पट होते. लक्ष्य पाण्यात पडल्यासारखं दिसतं.

मग ही मंडळी गोळी कुठे लागली ते बघतात कसं? लक्ष्याखाली खंदक असतो, त्यात माणसं बसलेली असतात. गोळी लागली की ती लक्ष्य खाली ओढतात, भोकात भडक रंगाची चकती खोवतात आणि लक्ष्य पुन्हा वर सरकवतात. ती चकती बघायला वीस-पंचवीस पट पुरते. म्हणजे ज्या भोकासाठी भाचा हप्ते भरायला निघाला होता, ते बघायची बिस्लीला गरजच पडत नाही.

दुर्बिणीचं खरं काम वेगळं आहे. पुढे एका जुलैत भाच्याकडे गेलो, तेव्हा गवतावर पालथा पडून मी ते पाहिलं. त्याने आधी लक्ष्य स्पष्ट केलं. मग फोकसची चकती किंचित मागे फिरवली, इतकी की नजर दोनतृतीयांश वाटेवर येऊन थांबली. लक्ष्य थोडं पुसट झालं आणि मधली हवा दिसू लागली. तापल्या जमिनीवरून निघालेल्या लहरी डावीकडून उजवीकडे वाहत होत्या, उथळ ओढ्यासारख्या. आम्ही कवींनी मृगजळ म्हणून, सराब म्हणून फसवणुकीच्या नावाने जे बदनाम केलं, तेच इथे वारा किती आणि कुठून ते सांगत होतं. मला आमच्या जमातीची थोडी शरम वाटली.

वारा डावीकडून असेल तर लहरी उजवीकडे जातात. हळू असेल तर त्या उंच उठून तिरप्या जातात, जोर वाढला की सपाट होतात. सरळ वर उकळताना दिसल्या तर आडवा वारा नाही, किंवा तो नेमका समोरून वा मागून आहे. ही उकळी धोक्याची, कारण वारा पुढच्या क्षणी कुठल्याही बाजूला वळू शकतो. जाणते नेमबाज अशा वेळी घोड्यावरचं बोट काढून थांबतात. वारा फार वाढला तर लहरी दिसेनाशाच होतात. मग निशाणांकडे बघायचं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा १००० यार्डांवर या गोळीला दोन मीटरहून जास्त बाजूला नेतो. आता सांगा, भोकाचे मिलिमीटर मोजायचे की वाऱ्याचे मीटर?

म्हणून खरेदी हवा बघण्यासाठी करायची. कंपन्यांची नावं आकाशवाणीवर घेत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. दुर्बिणीवर '२०-६० गुणिले ८०' असं लिहिलेलं असतं. पहिले आकडे पटीचे, शेवटचा पुढच्या भिंगाच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. रुंदीला पटीने भागा. साठला वीसने भागलं तर तीन. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरचीच असते, तेव्हा तीन भरपूर झाले. साठला साठने भागलं तर एक. चित्र अंधारं, आणि डोळा केसभर हलला की तेही गेलं. स्वस्त दुर्बिणीत कमीजास्त होणाऱ्या पटीपेक्षा पंचवीसच्या आसपासची एकच ठरलेली पट चांगली. त्याच पैशात दृश्य रुंद आणि स्वच्छ मिळतं.

चष्मा असेल तर डोळ्याकडच्या भिंगापासून किती लांबून पूर्ण चित्र दिसतं ते विचारा. पंधरा मिलिमीटरच्या आत असेल तर सोडून द्या, वीस असेल तर उत्तम. पालथं पडून नेम धरणाऱ्याने मागचा भाग वाकडा असलेली, आणि स्वतःभोवती फिरवता येणारी दुर्बीण घ्यावी. खांद्याला लावलेली रायफल न हलवता फक्त डोळा वळवून बघता आलं पाहिजे. यात जी सोय आहे ती कुठल्याही महागड्या काचेत नाही.

दुकानात गेलात तर आत उभं राहून बघू नका, दाराबाहेर या. रस्त्यापलीकडची सगळ्यात लांबची पाटी पकडा. अक्षर एका जागी खटकन स्पष्ट व्हायला हवं. चकती पुढेमागे करूनही 'आता ठीक वाटतंय' असं होत राहिलं, तर काच सुमार आहे. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षराला जांभळी किनार थोडी असली तर चालेल. अतिमहाग दुर्बिणीत ती जवळजवळ नसते, पण चकती आणि लहरी बघायला तिचा अडथळा होत नाही. वाचलेले पैसे तिपाईत घाला. लुकलुकत्या तिपाईवर उत्तम दुर्बीणही वाया जाते, आणि तिपाई इतकी बुटकी हवी की पालथ्या माणसाच्या डोळ्याशी येईल.

भाच्याने शेवटी ६० मिलिमीटरची, पंचवीस पटीची जुनी दुर्बीण रोख घेतली. जुनी घेताना पुढून टॉर्च मारून आत बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. हलवून बघावं, आत खडखड वाजलं तर लोलक सुटला आहे. आतून नायट्रोजन भरून सीलबंद केलेली मिळाली तर बरं, कारण बिस्लीच्या पावसाचा नेम नाही. आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती कातडी पेटीत मुळीच ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि त्या पुड्या महिन्याभराने बदला.