स्वातंत्र्य आणि साथ



ऑर्नेट कोलमनची तबकडी प्रथम ऐकली, तेव्हा आम्हांला वाटले, येथे कोणाचा कोणाशी मेळ नाही. १९५९ साली न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट'मध्ये तो सॅक्सोफोन वाजवू लागला, तेव्हा जाणत्यांतही दोन तट पडले. जाझमधील स्वरसंघांची ठरलेली साखळी त्याने सोडून दिली होती. मग हे संगीत विस्कटले का नाही? आमच्या मते, त्याचे श्रेय ड्रम वाजविणाऱ्यांना आहे.

'द शेप ऑफ जाझ टू कम'मध्ये बिली हिगिन्स आहे. झांजेवरचा त्याचा हात हलका. सॅक्सोफोन कोठेही वळो, लय प्रसन्नपणे पुढे जाते. पुढे आलेला एड ब्लॅकवेल न्यू ऑर्लीन्सचा. तेथील मिरवणुकींचा ताल त्याच्या हातांत मुरलेला. त्याचे ड्रम जणू गातात. डिसेंबर १९६० मध्ये कोलमनने दोघांनाही एकत्र बसविले. 'फ्री जाझ'च्या सुमारे ३७ मिनिटांत डावीकडे हिगिन्स, उजवीकडे ब्लॅकवेल ऐकू येतो.

आपल्या तबलजीला आवर्तनाचा आधार असतो. या दोघांना समेचा तो भरवसा नव्हता. होते ते केवळ सावध कान.

१९६६ साली 'द एम्प्टी फॉक्सहोल'साठी कोलमनने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला, साथीस घेतले. पुष्कळांनी नाके मुरडली. हात कच्चाच होता. पण तोच मुलगा पुढे अनेक वर्षे वडिलांची साथ करीत राहिला.

स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याचे न ऐकणे नव्हे. ती तबकडी पुन्हा लावा, आधी ड्रम ऐका. हरवलेला मेळ तेथेच सापडेल.