वृद्धमुखींचा इतिहास
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी वाचनालयात केलेले भाषण)



वसई प्रांताचा लिखित इतिहास बहुतांशी किल्ल्याचा इतिहास होय. इ. स. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला व १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ज्यांनी रहाट हाकले, पानवेली व केळी लावल्या आणि सायंकाळी घरोघरी जपमाळ चालविली, त्या आपल्या पूर्वजांविषयी ग्रंथ मौन धरतात. देवालयाच्या नोंदवह्यांत त्यांच्या बाप्तिस्म्याचे, विवाहाचे व दफनाचे दिनांक आढळतात. मधला सारा संसार मात्र आढळत नाही.

तो संसार ज्यांच्या स्मरणात आहे, अशी माणसे आता थोडी उरली आहेत. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली समाप्त झाली. तत्पूर्वीचा लॅटिन मिस्सा ज्यांनी जाणतेपणी ऐकला, ते आज सत्तरीच्या पलीकडे आहेत. सामवेदी बोलीतील लग्नगीते मुखोद्गत असणाऱ्या आजीबाईही तशाच.

कोणी म्हणेल, तोंडच्या गोष्टींचा भरवसा काय? आम्ही त्यास संत लूककृत शुभवर्तमानाचा आरंभ वाचावयास सांगू. ज्यांनी स्वतः पाहिले, त्यांच्याकडून आलेली हकीकत नीट शोधून आपण लिहीत आहोत, असे तो पवित्र लेखक प्रारंभीच कळवितो. ऐकणे आणि पारखणे ही दोन्ही कामे त्याने केली. आपणही तीच करावी.

म्हणून या वाचनालयाने वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे कार्य हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. प्रथम त्यांची संमती घ्यावी. सन आठवत नसेल तर, "तेव्हा तुमचे थोरले अपत्य केवढे होते?" असे विचारावे व उत्तर नोंदवहीशी ताडून पाहावे. बोली जशीच्या तशी उतरावी. तिला पुस्तकी वस्त्रे चढवू नयेत. दोघांच्या सांगण्यात भेद पडल्यास दोन्ही ठेवावी. भाऊबंदकी, दारिद्र्य, गावकीचे अन्याय हेही लिहावे. केवळ सणसमारंभांचा इतिहास हा अर्धा इतिहास होय. तथापि जे उघड झाल्याने हयात मनुष्यास दुःख होईल, ते सांगणाऱ्याच्या इच्छेनुसार बंद ठेवावे. पापनिवेदनाचा विषय तर मुळीच काढू नये. ते गुह्य परमेश्वराचे आहे.

तरुणांनो, देवालयास रंग पुढील वर्षीही देता येईल. आजोबांची साक्ष मात्र पुढील वर्षी मिळेलच, असे नाही. या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरच्या एका वृद्धापाशी तासभर बसावे. प्रभू येशू ख्रिस्त तुमच्या श्रमांस आशीर्वाद देवो.