पावसाच्या अभ्यासक डॉ. सुलोचना गाडगीळ
(बिर्लानगर, ग्वाल्हेर येथे महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात दिलेले भाषण)



 मी विद्वान नव्हे. उभे आयुष्य या बिर्लानगरात कारकुनी करण्यात गेले. तथापि डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे माझ्यावर ऋण आहे, आणि ऋण मान्य करण्यास विद्वत्ता लागत नाही.

१९४४ साली पुण्यात जन्मलेल्या सुलोचनाबाई मूळच्या गणिताच्या विद्यार्थिनी. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट संपादून त्या १९७१ साली मायदेशी परतल्या. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मान्सूनचा अभ्यास हेच त्यांचे जीवितकार्य झाले. तेथील वातावरणविज्ञान केंद्राच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. २०२५ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, त्या निवर्तल्या.

त्यांच्या शिकविण्याची रीत एका उदाहरणाने सांगतो. जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरून वारे धावून येतात आणि पाऊस पडतो, असे आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. बाईंचा आक्षेप साधा होता. असे असेल, तर जमीन सर्वांत तापलेली असते तेव्हाच पाऊस का पडत नाही? ग्वाल्हेरकरास या प्रश्नाचे मर्म सांगावयास नको. मे महिन्यात येथे लू वाहते, भिंतीला हात लाववत नाही, आणि आकाशात ढगाचा ठिपका नसतो. अवर्षणाच्या वर्षी तर जमीन अधिकच तापते. १९८० साली डॉ. सिक्का यांच्यासमवेत उपग्रहांची चित्रे अभ्यासून बाईंनी दाखविले की, विषुववृत्तालगतच्या समुद्रावर उठणारे मेघपट्टे काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत येतात. मान्सून म्हणजे या पर्जन्यपट्ट्याचे ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर होय. पाठ केलेले उत्तर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीशी ताडून घ्यावे, हा यातील धडा.

तो धडा मला उशिरा कळला. २००२ सालची गोष्ट. आमच्याकडे दुधाचा रतीब घालणारे एक वृद्ध शेतकरी दर उन्हाळ्यात मला विचारीत, ‘बाबूजी, अखबार क्या कहता है?’ मी मोठ्या ऐटीत वाचून दाखविले की, यंदा पाऊस साधारण होणार. त्यांनी माझ्या शब्दावर बी उसने आणून बाजरी पेरली. जुलै महिना कोरडा गेला. त्या महिन्यात देशभरात सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस झाला. वर्षअखेरीस त्यांनी एक म्हैस विकली. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. ते न बोलणेच आजवर टोचते. अखंड देशाचा, चार महिन्यांचा एक आकडा मी एका माणसाच्या शेताचे भविष्य म्हणून वाचला होता.

पुढे बाईंच्या पावगड येथील कार्याविषयी वाचले, तेव्हा माझी चूक नेमकी समजली. कर्नाटकातील या अवर्षणप्रवण तालुक्यात भुईमूग हे पीक तुलनेने नवे. त्यामुळे ते केव्हा पेरावे याविषयी पूर्वजांचे शहाणपण हाताशी नव्हते. बाई व त्यांचे सहकारी उपदेश करावयास गेले नाहीत. तुमच्या हातात कोणता निर्णय आहे, हे त्यांनी आधी शेतकऱ्यांना विचारले. पेरणीची वेळ, पावसातील खंड, खंडामागून येणारी कीड, हे सारे शेतकऱ्यांकडून समजून घेतले. मग कित्येक वर्षांच्या पावसाच्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचे संगणकीय गणित यांच्या आधारे, कोणत्या काळात पेरल्यास नुकसानीचा धोका कमी, याचा शोध घेतला. शेतकरी तेथे श्रोता नव्हता. अभ्यासातील भागीदार होता.

असेच काम त्यांनी राज्यकर्त्यांसाठीही केले. २००६ साली आपले गणितज्ञ चिरंजीव सिद्धार्थ यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी दाखविले की, तीव्र अवर्षणाचा फटका अर्धशतकभर राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के एवढाच राहिला. उत्पन्नातील शेतीचा वाटा घटला, तरी पावसावरील आपले अवलंबन सुटले नाही.

बंधुभगिनींनो, आपण श्रींपुढे पावसासाठी हात जोडतो, ते जोडावेतच. परंतु त्या नोंदींवाचून पावगडचे गणित मांडता आले नसते, हेही ध्यानी असावे. माझी नम्र सूचना आहे की, देवस्थानच्या अग्रशाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवावा. रोज सकाळी ठरल्या वेळी महाजनांच्या मुलामुलींनी पाणी मोजून वहीत लिहावे, आणि शेजारच्या कुळाने कोणत्या दिवशी काय पेरले तेही विचारून लिहावे. त्या वहीची आखणी मी विनामूल्य करून देईन. एवढी एक विद्या कारकुनाला येते.

आता अंदाज कोणी विचारला, तर मी प्रथम त्यालाच विचारतो, ‘तुमचे शेत कोठे, आणि ठरवावयाचे काय आहे?’