प्लांटरूममधला घन



मोठ्या इमारतींचे एसी प्लांट चालवणाऱ्या ऑपरेटरांना मी शिकवतो. (दहावीचे माझे विज्ञानाचे गुण सरांनी कृपया इथे सांगू नयेत.)

एका ऑफिसात एसीच्या ब्लोअरला वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी होता, पण कायम ‘मॅन्युअल’वर, पूर्ण 50 हर्ट्झवर. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, गरम झालं की शिव्या मला. बिल वाढलं तर मला कोण विचारतंय?” खरंच होतं त्याचं. बिल त्याला कधी कुणी दाखवलंच नव्हतं.

मी फळ्यावर मांडलं: वेग 80 टक्के केला की हवाही साधारण 80 टक्के, वीज मात्र 0.8 चा घन, म्हणजे जेमतेम निम्मी. बाई, घन कशाला शिकायचे, असं आठवीत विचारून मी अंगठे धरून उभा राहिलो होतो!

मग आम्ही दोघांनी 40 हर्ट्झ लावले आणि तक्रारीच्या फोनची वाट बघत बसलो. तासभर कुणाचाच आला नाही. तरी तो दर दहा मिनिटांनी वर जाऊन तापमान बघून येत होता.

आता दर महिन्याला बिल तो स्वतः मागून घेतो.